खवा, घाट आणि स्प्लेंडरचं हेड: एका पोर्टिंगची गोष्ट

पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या बाजूच्या एका गावात माझं गॅरेज आहे. गाव कोणतं ते सांगत नाही आणि गिऱ्हाइकाचं नावही नाही, त्याला आपण खवावाला म्हणू. वय तीस-बत्तीस. हा माणूस रोज पहाटे धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याकडे चढतो, जाताना वरच्या दुकानदारांचा किराणा आणि तेलाचे पिपे, येताना गवळ्यांकडचा खवा. म्हणजे वजन चढतानाही असतं आणि उतरतानाही, पण जीव जातो तो चढतानाच.

गाडी स्प्लेंडर, बीएस-६ च्या आधीची, कार्ब्युरेटरवाली. ९७.२ सीसी, बोर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५ मिमी, चार गिअर, नवी असताना साडेसात-आठ घोड्यांची. मागं दोन्ही बाजूला लोखंडी स्टँड वेल्ड केलेले, त्यावर ५०-६० किलो माल. कंपनीनं ही गाडी ह्याच्यासाठी बनवलेलीच नाही, पण आपल्याकडं स्प्लेंडरवर काय काय वाहतात ते तुम्हालाही माहीत आहे.

माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगतो कारण पुढची चूक तिथूनच निघाली. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं, त्यात हवा-पेट्रोल आत यायचं भोक (इनटेक पोर्ट), धूर बाहेर जायचं भोक (एक्झॉस्ट पोर्ट) आणि ती उघडणारे-मिटणारे वॉल्व्ह असतात; ती भोकं कोरून बदलणं म्हणजे पोर्टिंग. ह्याआधी मी दोन हेड पोर्ट केलेले, दोन्ही शेतातल्या मातीच्या रेसमध्ये गाडी पळवणाऱ्या पोरांचे. त्या पोरांचा ॲक्सिलेटर कायम पिळलेलाच असतो. दोन्ही गाड्या मस्त पळाल्या आणि माझ्या डोक्यात बसलं की आपल्याला पोर्टिंग येतं.

अडचण काय होती

एप्रिलच्या शेवटी तो आला. म्हणे, "भाऊ, घाटात गाडी चढतच नाही ना. पहिले तिसऱ्यात ओढे, आता दुसऱ्यात टाका लागते, अन् इंजिन असं तापते का पाय ठेववत नाही." त्याच्या चुलतभावानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवलेला, हेडची भोकं मोठी करून आरशासारखी चमकवलेली. "मले तसंच करून द्या," एवढंच त्याचं म्हणणं.

आता इथं एक गोष्ट आधी समजून घ्या, जी मी त्या दिवशी घेतली नाही. परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे-चारशे मीटरवर आणि चिखलदरा अकराशेच्या वर. एवढं वर गेलं की हवा सहा-सात टक्के विरळ होते. त्यात आपला उन्हाळा. जानेवारीच्या पहाटेच्या १२ डिग्रीची हवा आणि मेच्या दुपारची ४४ डिग्रीची हवा ह्यांच्यात दाटपणाचा दहा टक्के फरक पडतो. इंजिन तेवढंच, पण एका घोटात हवाच कमी येते म्हटल्यावर ताकदही कमी. म्हणजे हा माणूस वळण घेऊन वर पोचेपर्यंत आणि ऊन चढेपर्यंत साडेसात घोड्यातला एखादा घोडा नुसता हवेनंच खाल्लेला असायचा. पोर्टिंगनं साध्या गाडीत जेवढं मिळतं त्याच्याएवढीच ही रक्कम आहे, हे विसरू नका.

मी सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावलं, ९५ पीएसआय आलं आणि मी घाबरलो. मग लक्षात आलं की ॲक्सिलेटर बंद ठेवून किक मारल्या. पूर्ण उघडून परत मारल्या तर १२०. नव्यासारखं नाही पण मेलेलंही नाही. मग हेड काढून पोर्टमधून घासलेट ओतलं, इनटेक दोन मिनिटं कोरडा राहिला, एक्झॉस्टचा वॉल्व्ह मात्र पाझरत होता. गाईडमध्येही, म्हणजे वॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, खुळखुळ. खरं सांगायचं तर केसचं अर्धं उत्तर ह्या घासलेटात होतं, आणि मी ते पुसून बाजूला ठेवलं कारण गिऱ्हाईकाला पोर्टिंग पाहिजे होतं आणि मलाही करायचं होतं.

कोणकोणते रस्ते होते

सगळ्यात साधा म्हणजे हाफ इंजिनचं काम: वॉल्व्ह, सीट (वॉल्व्ह जिच्यावर टेकून मिटतो ती कडी), गाईड, पिस्टनच्या रिंगा. दुसरा, मागच्या चाकाची चेनची चक्री दोन दात मोठी टाकायची. चाळीस-बेचाळीस दातांत दोन वाढवले की चाकावरची ओढ साधारण पाच टक्के वाढते, टॉप स्पीड तेवढाच घटतो, आणि ह्याला टॉप स्पीडचं करायचं काय, घाटात चाळीसच्या वर जातच नाही. तिसरा रस्ता मोठ्या बोरचं किट, म्हणजे मोठा सिलिंडर-पिस्टन. ते मी सरळ नाही म्हणलं, कारण आरसी बुकात सीसी लिहिलेला असतो, तो बदलला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करेल. हेडला फेस मारून, म्हणजे खालची बाजू थोडी कापून, कॉम्प्रेशन वाढवायचं, हाही विचार आला. ९७.२ सीसीच्या इंजिनात पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा १२.२ सीसी असली तर कॉम्प्रेशन रेशो ९ च्या आसपास येतो, ती फक्त एक सीसी कमी केली की ९.७ वर जातो. एवढ्या छोट्या इंजिनात एक सीसी म्हणजे लय झालं. पण ओझं घेऊन मे महिन्यात घाट चढणारी गाडी, पेट्रोल साधं, ठोका (पेट्रोल अवेळी भडकणं) सुरू झाला तर पिस्टनच जाईल. तेही सोडलं.

राहिलं पोर्टिंग. चक्रीचा खर्च पोर्टिंगच्या मजुरीच्या पावपटही नव्हता. मी ते त्याला सांगितलं, पण कसं सांगितलं ते महत्त्वाचं. "चक्री बदलली तरी होते, पण पोर्टिंगची मजा वेगळी." असं म्हणल्यावर कोण चक्री घेईल?

एक निर्णय मात्र बरा घेतला. त्याच्या मूळ हेडला हात लावला नाही. भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचं जुनं हेड आणलं आणि त्यावर काम करायचं ठरवलं, म्हणजे बिघडलं तर त्याचा धंदा बंद पडायला नको.

पहिला प्रयत्न

ॲल्युमिनियमला मोठ्या दातांचा कार्बाइड बर (मशीनवर फिरणारं कापायचं टोक) लागतो. लोखंडाचा बारीक दातांचा लावला तर दोन मिनिटांत भरून जातो, मग तो कापत नाही, नुसता घासतो. मेणबत्ती किंवा घासलेट लावत राहायचं. हे मला येत होतं. जे येत नव्हतं ते म्हणजे थांबायचं कुठं.

इनटेक पोर्ट साधारण २० मिमीचा होता, मी सगळीकडून दीड-दीड मिमी घेतला, २३ झाला. तळही खाली घेतला, गाईडचा उंचवटा पार सपाट केला, मग ४०० च्या पॉलिश पेपरनं असा चमकवला की त्यात पाहून दाढी करता येईल. मधेच एकदा बर निसटून सीटवर ओरखडा पडला, ती सीट परत कापावी लागली. (तेव्हापासून जुना टाकाऊ वॉल्व्ह सीटवर बसवूनच बर चालवतो. साधी गोष्ट आहे, पण एकदा हजारभर रुपये गेल्यावरच कळते.) सीट-वॉल्व्ह नवीन करून हेड बसवलं.

गावाबाहेर सपाट रोडवर चालवली तर तिसऱ्यात असली किंचाळली की मीच खूश. खवावाला पण खूश. चार दिवसांनी आला, गाडी स्टँडवर लावली आणि खाली बसला.

"भाऊ, पहिले तिसऱ्यात तरी थोडीशी ओढे. आता दुसऱ्यात बी रडते. अन् पेट्रोल पिऊन राह्यली नुसती."

माझा पहिला विचार, ह्याला चालवता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्या मालासकट स्वतः घाटात गेलो, आणि तो खरं बोलत होता.

असं कसं झालं

इथं जरा थांबतो कारण मुद्दा इथंच आहे.

४००० आरपीएमला ह्या इंजिनाचा पिस्टन सरासरी ६.६ मीटर प्रति सेकंदानं हलतो. पिस्टन ५० मिमीचा, पोर्ट २० मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळात सव्वासहा पट फरक. तेव्हा पोर्टमधली हवा ढोबळमानानं ४१ मीटर प्रति सेकंदानं धावते. पोर्ट २३ केला की क्षेत्रफळ ३२ टक्के वाढतं आणि त्याच आरपीएमला हवेचा वेग ३१ वर येतो. एक चतुर्थांश वेग गेला. ८००० आरपीएमला हेच आकडे दुप्पट होतात, ८२ आणि ६२, तिथं मोठा पोर्ट मोकळा श्वास घेतो. म्हणून रिकामी गाडी सपाटीवर किंचाळली. पण खवावाला घाटात ८००० वर कधी जातो? त्याची सगळी जिंदगी साडेतीन ते पाच हजारात.

वेग कशाला पाहिजे तर पिस्टन खाली पोचून परत वर निघाला तरी इनटेक वॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. धावत्या हवेला जोर असतो, ती त्या वेळातही आत घुसत राहते. रांगत्या हवेला पिस्टन परत ढकलून देतो, आत आलेलं पाहुणं दारातूनच माघारी. पेट्रोलचंही तसंच. हवा हळू आणि भिंत आरशासारखी, म्हणजे थेंब उडायचे सोडून भिंतीला ओघळतात. इनटेकला ८० नंबरच्या पेपरचा खरखरीतपणाच बरा असतो, चमक द्यायची तर एक्झॉस्टला द्या, तिथं काजळी कमी धरते.

आणि तळ. पोर्ट जिथं वळून वॉल्व्हकडं जातो त्या आतल्या वळणावर, म्हणजे तळाच्या बाजूला, हवेला सगळ्यात अवघड जातं. घाटातल्या आतल्या लेनसारखंच, वळण जेवढं टोकदार तेवढी गाडी बाहेर फेकली जाते. मी तळ खाली घेऊन ते वळण अजून टोकदार केलं होतं.

मोजमाप, म्हणजे जुगाड

आता मला मोजायचं होतं. हेडमधून हवा किती वाहते ते मोजायचं यंत्र, फ्लो बेंच, इथं कुठं मिळणार. कार वॉशिंगवाल्या मित्राचा व्हॅक्यूम क्लिनर, प्लायवूडचा डबा, यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी, त्यात रंगीत पाणी. हेड डब्यावर ठेवायचं, वॉल्व्ह बोल्टनं एक-एक मिलिमीटर दाबत उघडायचा आणि पाणी किती वर ओढलं जातं ते पाहायचं. पाणी कमी ओढलं म्हणजे हवा जास्त वाहते. मोठ्या वर्कशॉपमध्ये २८ इंच पाण्याच्या दाबावर मोजतात, आमचं आठ इंचावरच दमत होतं. त्यामुळं आकडा खरा किती ते सोडून द्या, दोन हेडांची तुलना तेवढी करायची.

त्यातही लाईटनं छळलं. संध्याकाळी गावातल्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं, क्लिनर हळू व्हायचा आणि सगळे हेड एकदम "सुधारायचे". पहिल्या दिवसाचे सगळे आकडे फेकले. मग पद्धत बसवली की प्रत्येक वेळी आधी मूळ हेड लावायचं, मग दुसरं, मग परत मूळ. मूळचे दोन आकडे जुळले तरच मधला खरा धरायचा.

निकाल असा आला की वॉल्व्ह पूर्ण उघडा असताना माझा २३ वाला पोर्ट मूळ हेडपेक्षा स्पष्ट पुढं. म्हणजे बेंचवर पहिला आणि घाटात नापास. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. व्हॅक्यूम क्लिनर एकसारखा ओढतो, पिस्टन झटक्यानं ओढतो आणि मधे दारही लावतो.

दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. वॉल्व्ह एक-दोन मिमीच उघडलेला असताना पोर्ट मोठा की छोटा ह्यानं काहीच फरक पडत नव्हता, तिथं सीटच सगळं ठरवत होती. वॉल्व्ह समजा २४ मिमीचा असेल तर त्याच्या कडेची फट वॉल्व्हच्या क्षेत्रफळाएवढी व्हायला तो ६ मिमी उघडावा लागतो. त्याच्या आत अडथळा फटीचाच. आणि वॉल्व्ह उघडताना एकदा, मिटताना एकदा त्या कमी उघडीतून जातोच.

दुसरा प्रयत्न

आता त्याचं मूळ हेड घेतलं. ह्या वेळी आधी घरून तेलाचा हात लावलेला कणकेचा गोळा आणला, पोर्टमध्ये दाबून साचा काढला आणि अर्धा तास नुसता पाहिला. बायको म्हणाली, "आता हेडाले पोळ्या चारता का?" पण साच्यावर जे दिसतं ते टॉर्च मारून दिसत नाही. सीटच्या खाली फॅक्टरीच्या कटरनं सोडलेली पायरी, ओतकामाची एक शीर, आणि कार्ब्युरेटरच्या काळ्या इन्सुलेटरजवळ गॅस्केट दीड मिमी आत आलेलं. ते गॅस्केट तर माझ्याच हातचं असणार, आधीच्या सर्व्हिसिंगचं.

बर फक्त त्या पायरीवर आणि शिरेवर चालवला. सीटच्या खालचा घसा वॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्क्यांत ठेवायचा असतो, तो ८७ ला थांबवला. गाईडचा उंचवटा कापला नाही, दोन्ही बाजूंनी होडीच्या टोकासारखा निमुळता केला. तळाला बर लावलाच नाही, वळणाची धार बोटावर पेपर गुंडाळून मोडली. पोर्टचा व्यास जवळपास होता तेवढाच. सगळं मिळून काढलेला चुरा चहाच्या चमच्यात मावला असता.

खरं काम अचलपूरच्या लेथवाल्या काकांनी केलं. नवीन गाईड, आणि सीट तीन कोनांत कापली, मधे ४५, वर ३०, खाली ६०, बसायची पट्टी एक-सव्वा मिमी. काकांनी हेड हातात घेऊन पोर्टमध्ये बोट घातलं आणि म्हणाले, "ह्या बारीला शाना झाला गा." मग ग्राइंडिंग पेस्ट, मग घासलेट ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी दोन्ही वॉल्व्ह कोरडे. हेड साबणाच्या पाण्यानं धुतलं, कारण ॲल्युमिनियमचा कण ऑइलच्या भोकात राहिला तर रॉकरच खातो. रिंगाही बदलल्या. पहिल्या फेरीनंतर प्लग पांढरट दिसला, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, म्हणून कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर वाढवला.

निकाल

घाटातला एकच चार किलोमीटरचा तुकडा धरला, माल म्हणून २५ किलोच्या दोन गोण्या, वेळ पहाटे सहा-सातची, चालवणारा तोच. गाडी आली तशी होती तेव्हा ७ मिनिटं १० सेकंद. माझ्या चमकत्या मोठ्या पोर्टवर ७:३५. दुसऱ्या कामानंतर ६:२५. मग मीच पदरच्या पैशानं मागची चक्री दोन दात मोठी टाकून दिली, तर ६:०५, आणि शेवटचं वळण सोडलं तर सगळं तिसऱ्या गिअरमध्ये. ॲव्हरेज ४८ वरून ४१ ला पडलेलं, ते ५० वर आलं. कॉम्प्रेशन १५० च्या आसपास.

पण ह्यातलं पोर्टिंगचं किती? मला सांगता येत नाही. गाईड, सीट, रिंगा, पायरी, गॅस्केट सगळं एकदम केलं, मधे गाडी चालवून पाहिली नाही. माझा अंदाज असा की त्या ४५ सेकंदांतले तीस तरी पाझरत्या वॉल्व्हचे आणि रिंगांचे होते, पण तो अंदाजच. मोठ्या पोर्टचं नुकसान मात्र पक्कं म्हणता येतं, कारण त्या हेडमध्येही सीट-वॉल्व्ह नवे होते आणि तरी ते पाझरणाऱ्या मूळ हेडच्या मागं पडलं.

परत केलं तर

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न "काय करून पाहिजे" असा विचारणार नाही. कुठं चालवतो, किती माल, कोणत्या गिअरमध्ये मरते, हे आधी. त्यानं पहिल्याच वाक्यात घाट म्हणलं होतं, मी ऐकलं पोर्टिंग.

घासलेट पाझरलं तिथंच थांबून सीटचं काम करायला हवं होतं, आणि चक्री टाकून आठवडाभर चालवायला द्यायला हवी होती. तो कदाचित तिथंच समाधानी झाला असता आणि ही केस लिहायची वेळ आली नसती. माझं दुकान चाललं पाहिजे हेही खरं, हाफ इंजिनच्या मजुरीत कोणी फोटो काढत नाही. पहिल्या हेडचे पैसे मी घेतले नाहीत, आणि त्याचे चार दिवस बुडले नाहीत ते फक्त मूळ हेड शाबूत होतं म्हणून.

ते २३ वालं हेड मी नंतर हॅक्सॉनं उभं कापलं. छताला, स्प्रिंग बसते त्या जागेच्या बरोबर खाली, भिंत मिलिमीटरभरही उरली नव्हती. अजून एकदा बर फिरला असता तर पोर्टमधून ऑइल ओढून गाडीनं निळा धूर सोडला असता. तिथं आर्गन वेल्डिंग करता येतं, पण त्या उष्णतेनं हेड वाकतं आणि सीट सैल होते, म्हणजे मढ्याला दागिने. कापलेला अर्धा तुकडा काउंटरवर ठेवलाय. व्हिडिओ दाखवायला येणाऱ्या पोरांच्या हातात आधी तो देतो.

खवावाल्याची गाडी अजून तेच काम करते. आता थंडी पडली की हवा दाट होईल, तेव्हा वाढवलेला मेन जेट पुरतो का अजून एक नंबर लागतो ते प्लगचा रंग पाहून ठरवू, त्याला सांगून ठेवलंय की दिवाळीनंतर एकदा सरळ इकडं ये.